रक्तशर्करेचे माप आणि रोग्याची प्रतीक्षा

मधुमेह हा आधुनिक राहणीने आणलेला नवा रोग आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः या रोगाचे नावच त्याच्या प्राचीनत्वाची साक्ष देते. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत प्रमेहाच्या प्रकारांमध्ये मधुमेहाची गणना केलेली आहे. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या आकृष्ट होतात, हे निरीक्षणही आपल्या जुन्या वैद्यांनी नोंदवून ठेवले आहे. पुढे १७७६ मध्ये लिव्हरपूल येथील मॅथ्यू डॉब्सन या वैद्याने रोग्याचे मूत्र आटवून त्यातील साखर प्रत्यक्ष दाखविली. १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे इन्शुलिनचे पहिले यशस्वी उपचार झाले आणि ज्या मुलांना त्यापूर्वी थोड्याच काळात मृत्यूच्या स्वाधीन व्हावे लागे, त्यांना आयुष्य लाभले.

परंतु इन्शुलिनबरोबर एक नवी जबाबदारीही आली. हे औषध मोजून घ्यावे लागते आणि ते किती घ्यावयाचे, हे त्या वेळी रक्तात साखर किती आहे यावर अवलंबून असते. औषध कमी पडले तर साखर चढते, आणि ती वर्षानुवर्षे चढलेली राहिली तर डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे व मज्जातंतू हळूहळू निकामी होतात. औषध जास्त झाले तर साखर एकाएकी उतरते. घाम सुटतो, हातपाय कापतात, बुद्धीला भ्रम पडतो आणि वेळीच साखर पोटात गेली नाही तर रोगी बेशुद्ध होतो. या दोहोंमधील अरुंद वाटेने मधुमेही माणसास आयुष्यभर चालावयाचे असते. डोळ्यांवर पट्टी बांधून अशी वाट चालता येत नाही. तथापि रक्तशर्करेचे माप रोग्याच्या स्वतःच्या हाती येण्यास इन्शुलिननंतर अर्धशतकाहून अधिक काळ लागला; आणि आज मोजण्याची त्याहून सरस साधने निघाली असतानाही असंख्य रोगी त्यांची वाटच पाहत आहेत. साधन तयार झाल्यावर ते रोग्यापर्यंत पोहोचण्यात एवढा काळ कोठे जातो, हे समजून घेण्यासारखे आहे.

निळ्या द्रावणाची परीक्षा

प्रथम जुन्या परीक्षेकडे पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभी स्टॅन्ली बेनेडिक्ट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने एक निळे द्रावण तयार केले. त्यात मूत्राचे काही थेंब घालून ते उकळले की साखरेच्या प्रमाणानुसार त्याचा रंग हिरवा, पिवळा, नारिंगी आणि अखेर विटकरी होत असे. स्पिरिटचा दिवा, परीक्षानळी आणि ही निळी बाटली एवढ्या सामग्रीवर मधुमेह्यांच्या कित्येक पिढ्यांनी दिवस काढले. पुढे दिव्याची गरज न लागणाऱ्या गोळ्या आल्या व १९५६ मध्ये नुसती बुडवावयाची पट्टीही आली.

ही परीक्षा सोपी होती, पण ती अर्धेच सत्य सांगे. रक्तातील साखर साधारणतः दर शंभर मिलिलिटरला १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय ती मूत्रात उतरत नाही. म्हणजे १७० असो की ७० असो, द्रावण निळे ते निळेच राहणार. शिवाय मूत्र हे मागील काही तासांत साठलेले असल्यामुळे ते सांगते ती हकीकत शिळी असते. सर्वांत मोठी उणीव ही की, साखर धोक्याच्या खाली गेली असता या परीक्षेत त्याचा मागमूसही लागत नाही. ज्या संकटाने रोगी काही मिनिटांत बेशुद्ध व्हावयाचा, त्याविषयी ही परीक्षा मूक होती.

ही उणीव भरून काढणारे साधन १९६५ मध्ये निघाले. अमेरिकेतील एम्स कंपनीने रक्ताचा थेंब घेऊन साखर दाखविणारी पट्टी तयार केली. पट्टीवर थेंब ठेवावा, एक मिनिट थांबावे, पाण्याने धुवावे आणि उमटलेला रंग नमुन्याशी ताडून पाहावा, अशी तिची रीत होती. पाचएक वर्षांत त्याच कंपनीने हा रंग डोळ्यांऐवजी प्रकाशाच्या साह्याने वाचून आकडा दाखविणारे यंत्रही बाजारात आणले. ते सुमारे सव्वा किलो वजनाचे असून त्याची किंमत कित्येक शे डॉलर होती.

यंत्र वैद्यांचे, रोग रोग्याचा

या ठिकाणी विलंबाची पहिली गाठ आढळते. यंत्र निघाले, पण ते रुग्णालये, प्रयोगशाळा आणि वैद्य यांच्यासाठी. रोग्याला ते विकत घेण्याची मुभा नव्हती. रोग्याने स्वतःचे रक्त काढून तपासावे आणि त्यावरून औषधाची मात्रा बदलावी, ही कल्पनाच त्या वेळच्या वैद्यकाला मानवणारी नव्हती. रोगी चुकेल, घाबरेल, उगीच सुया टोचून घेईल, असे अनेक आक्षेप होते.

रिचर्ड बर्नस्टाईन या अमेरिकन अभियंत्याची कथा या संदर्भात प्रसिद्ध आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून त्यास मधुमेह होता आणि तिशी ओलांडेपर्यंत रोगाने शरीरात बरीच नासधूस केली होती. १९६९ च्या सुमारास या यंत्राची जाहिरात त्याच्या वाचनात आली. त्यास यंत्र मिळण्याची सोय नव्हती. परंतु त्याची पत्नी वैद्य होती, तेव्हा तिच्या नावावर ते मागविण्यात आले. दिवसातून अनेक वेळा रक्त तपासून, आहार व इन्शुलिन यांचा मेळ घालून त्याने आपली साखर काबूत आणली. हा अनुभव त्याने लेखरूपाने वैद्यकीय नियतकालिकांकडे पाठविला, पण तो परत आला. अभियंत्याचे म्हणणे वैद्य ऐकत नाहीत असे पाहून त्याने वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि तो स्वतः वैद्य झाला. वयाची नव्वदी गाठून २०२५ मध्ये त्याचे निधन झाले. पण ज्यांची पत्नी वैद्य नव्हती, अशा रोग्यांची गणती कोणी ठेवलेली नाही.

ही गाठ सुटण्यास १९७८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी लंडन व नॉटिंगहॅम येथील वैद्यांनी आपल्या रोग्यांकडून घरच्या घरी रक्ततपासणी करविली आणि सामान्य माणसे ही गोष्ट व्यवस्थित करू शकतात, असे दाखवून दिले. त्यानंतर यंत्रे लहान होत गेली. १९८७ मध्ये लेखणीच्या आकाराचे मापक निघाले.

तरीही मोठा प्रश्न उरलाच होता. इतके मोजून, साखर इतकी काटेकोर ठेवून रोग्याचे खरोखरच हित होते काय? याचे निर्णायक उत्तर १९९३ मध्ये मिळाले. अमेरिका व कॅनडा येथील १,४४१ रोग्यांवर सरासरी साडेसहा वर्षे चाललेल्या एका विस्तृत प्रयोगात एका गटास प्रचलित उपचार दिले गेले. दुसऱ्या गटाने दिवसातून चार किंवा अधिक वेळा रक्त तपासून त्यानुसार इन्शुलिन घेतले. दुसऱ्या गटात डोळ्यांच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी, मूत्रपिंडांच्या विकाराचा ५० टक्क्यांनी आणि मज्जातंतूंच्या विकाराचा ६० टक्क्यांनी कमी झाला. अर्थात या गटात साखर एकाएकी उतरण्याचे प्रसंगही अधिक आले. साखर खाली ठेवावयाची तर तिच्यावर अधिक बारीक नजर हवी, हाच त्याचा अर्थ होता.

प्रयोग संपल्यावर दोन्ही गटांना एकसारखे उपचार मिळू लागले आणि काही वर्षांत दोहोंची साखर जवळजवळ सारखी झाली. मग फरक मिटावयास हवा होता. पण तो मिटला नाही. ज्यांची साखर पहिली सहा-सात वर्षे चांगली राहिली होती, त्यांचे डोळे व मूत्रपिंडे पुढेही कित्येक वर्षे अधिक सुरक्षित राहिली. ज्यांना ही संधी उशिरा मिळाली, त्यांना मागील नुकसान पूर्णपणे भरून काढता आले नाही. शरीर जुना हिशेब विसरत नाही, असे यावरून ठरले. कर्ज उशिरा फेडले तर व्याज द्यावे लागते एवढेच. पण येथे गेलेली वर्षे कोणत्याही व्याजाने परत घेता येत नाहीत. विलंबाची खरी किंमत ही आहे.

अखंड मापनाचे साधन

बोट टोचून मिळणारा आकडा त्या क्षणापुरता असतो. साखर १२० आहे एवढे कळते. ती चढत आहे की उतरत आहे, हे कळत नाही. झोपेत तर काहीच कळत नाही, आणि लहान मुलांच्या मातापित्यांना धास्ती असते ती रात्रीचीच. यावर उपाय म्हणून जे साधन निघाले, ते अखंड मापनाचे होय.

त्याचे बीज १९६२ इतके जुने आहे. लेलंड क्लार्क या अमेरिकन शास्त्रज्ञाने ग्लुकोजवर क्रिया करणारे एक विकर विद्युदग्रावर बसवून साखरेचे मापन विजेच्या साह्याने करता येईल, अशी कल्पना त्या वर्षी मांडली. आजचा संवेदक, म्हणजे ज्याला लोक सेन्सर म्हणतात, तो याच तत्त्वावर चालतो. केसासारखा बारीक तंतू दंडाच्या किंवा पोटाच्या कातडीखाली बसविलेला असतो. पेशींच्या भोवतालच्या द्रवातील ग्लुकोजशी त्यावरील विकराची क्रिया होते, सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि त्यावरून दर काही मिनिटांनी आकडा मिळतो. संवेदक दहा ते पंधरा दिवस टिकतो. साखरेचा कल वर आहे की खाली, हे बाणाने दाखविले जाते आणि धोका दिसताच इशारा देण्याची सोयही आहे. रक्तातील बदल या द्रवात उतरण्यास काही मिनिटे लागतात, एवढी मर्यादा ध्यानात ठेवावी लागते.

अमेरिकेत अशा पहिल्या यंत्रास १९९९ मध्ये मान्यता मिळाली. परंतु ते तीन दिवस लावावयाचे आणि त्यातील आकडे रोग्यास न दिसता नंतर वैद्याने पाहावयाचे, अशी व्यवस्था होती. तीस वर्षांपूर्वीच्या प्रकाराची ही पुनरावृत्तीच म्हणावी लागेल. यंत्र रोग्याच्या अंगावर, पण त्यातील ज्ञान दुसऱ्याच्या टेबलावर! रोग्याला स्वतःस सतत आकडे दाखविणारी साधने त्यानंतरच्या काही वर्षांत आली, आणि बोट टोचून जुळणी करण्याची गरज नसलेला संवेदक २०१४ मध्ये युरोपात विक्रीस निघाला.

काही विलंब योग्यच

या कथेतील प्रत्येक विलंब दोषास्पद होता, असे मात्र नव्हे. २००१ मध्ये अमेरिकेत मनगटी घड्याळासारखे एक यंत्र मान्य झाले होते. ते कातडीतून सौम्य विद्युत्प्रवाहाने द्रव खेचून साखर मोजीत असे. कल्पना मोहक होती, पण कातडीला दाह होई, खोटे इशारे येत आणि रोगी कंटाळून ते काढून ठेवीत. काही वर्षांतच ते बाजारातून नाहीसे झाले. काही संवेदकांत पॅरासिटामॉल घेतल्यावर आकडा खोटाच चढलेला दिसे. झोपेत दंडाखाली दबलेला संवेदक साखर उतरल्याचा चुकीचा इशारा देतो. ज्या आकड्यावर विसंबून रोगी इन्शुलिन टोचून घेणार, तो आकडा खोटा निघाला तर प्राणाशी गाठ आहे. म्हणून परीक्षा कसोशीने झालीच पाहिजे. अमेरिकेत बोट न टोचता केवळ संवेदकाच्या आकड्यावरून इन्शुलिनची मात्रा ठरविण्यास प्रथम मान्यता मिळाली ती डिसेंबर २०१६ मध्ये, तत्संबंधी पुरावा सिद्ध झाल्यावर.

प्रश्न आहे तो परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतरच्या विलंबाचा. अमेरिकेत वृद्धांसाठी असलेल्या मेडिकेअर या सरकारी विमायोजनेने अखंड मापनाची साधने केवळ खबरदारीची वस्तू मानून त्यांचा खर्च देण्याचे नाकारले होते. त्यामुळे वयाची पासष्टी ओलांडताच कित्येकांना हाती असलेले साधन गमवावे लागे. जानेवारी २०१७ मध्ये हे धोरण बदलले. तथापि हे साधन हवे असल्यास रोगी दिवसातून चार वेळा बोट टोचून तपासणी करीत असला पाहिजे, अशी अट राहिली. गंमत अशी की, हीच योजना इन्शुलिन घेणाऱ्या रोग्यास तीन महिन्यांस ३०० पट्ट्या, म्हणजे दिवसाला तीनांहून थोड्या अधिक, एवढ्यांचाच खर्च सामान्यतः देत असे. ही अट जुलै २०२१ मध्ये निघाली आणि इन्शुलिन घेणाऱ्या सर्वांना योजनेचा लाभ खुला होण्यास एप्रिल २०२३ उजाडला.

ब्रिटनमध्ये अडचण निराळी होती. तेथे सरकारी आरोग्यसेवेच्या औषधसूचीत नवा संवेदक नोव्हेंबर २०१७ मध्ये आला, पण तो द्यावयाचा की नाही, हे प्रत्येक भागातील स्थानिक मंडळाने ठरवावयाचे होते. परिणामी एका गावच्या रोग्यास तो फुकट मिळे आणि शेजारच्या गावच्या रोग्यास मिळत नसे. २०१८ मध्ये तत्कालीन पंतप्रधान थेरेसा मे, ज्या स्वतः इन्शुलिनवर होत्या, त्यांच्या दंडावर तो संवेदक जगाने पाहिला. त्याच वेळी त्यांचे अनेक देशबांधव राहत्या पत्त्यामुळे त्यास मुकले होते. एप्रिल २०१९ पासून इंग्लंडमध्ये खर्चाची देशव्यापी तरतूद झाली आणि मार्च २०२२ मध्ये पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या सर्व प्रौढांना हे साधन देऊ करावे, अशी अधिकृत शिफारस झाली.

कित्येकदा रोग्यांच्या आप्तांनीच वाट पाहण्याचे नाकारले. न्यूयॉर्क राज्यातील जॉन कॉस्टिक या संगणक-अभियंत्याच्या लहान मुलास मधुमेह होता. मुलाच्या अंगावरील संवेदकाचे आकडे जवळच्या यंत्रावरच दिसत. मूल शाळेत गेले की बापास काही कळेना. २०१३ मध्ये त्याने स्वतः आज्ञावली लिहून ते आकडे दूर असताना पाहण्याची युक्ती साधली. ती इतर पालकांच्या हाती गेली आणि ‘आम्ही वाट पाहणार नाही’ हे त्यांच्या चळवळीचे घोषवाक्यच झाले. अशा दूरस्थ दर्शनाच्या अधिकृत सोयीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०१५ मध्ये परवानगी दिली.

आपल्याकडील स्थिती

आता आपल्या देशाकडे वळू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. राज्यवार प्रमाणात गोवा पहिल्या क्रमांकावर असून तेथे दर शंभर प्रौढांमागे २६ हून अधिक मधुमेही आढळले. देशाची सरासरी ११.४ आहे. गोमंतकात ज्या घरी मधुमेही माणूस नाही, असे घर सहसा सापडावयाचे नाही, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

भारतात संवेदक प्रथम २०१५ मध्ये आला, तो वैद्याने लावून वैद्यानेच आकडे वाचावयाच्या स्वरूपात. रोग्याने स्वतः वापरावयाचा संवेदक २०२० मध्ये आला. म्हणजे क्रम तोच. यापुढील अडसर पैशाचा आहे. चौदा दिवस टिकणारे संवेदक वर्षभर वापरावयाचे तर ते सव्वीस लागतात आणि प्रत्येकास काही हजार रुपये पडतात. आपल्याकडील आरोग्यविमा मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देतो. पाय कापावा लागला किंवा मूत्रपिंड निकामी झाले तर पैसे मिळतील, पण ती वेळ येऊ नये म्हणून केलेला खर्च सामान्यतः रोग्याच्याच खिशातून जातो.

संवेदक तर दूरच. साध्या पट्टीची गोष्टही याहून फार वेगळी नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ग्लुकोमीटरसह पाच वैद्यकीय उपकरणांवरील व्यापारी नफ्यास मर्यादा घातली, हे स्वागतार्हच होय. पण ग्लुकोमीटर एकदा घ्यावा लागतो, पट्ट्या रोज लागतात. एक पट्टी वीस रुपयांना धरली आणि दिवसातून चार वेळा तपासणी केली, तर महिन्यास २,४०० रुपये होतात. म्हणून पट्टी जपून वापरली जाते, आणि जेथे रोज चार आकडे हवेत तेथे आठवड्यास एक मिळतो. घरी वापरावयाच्या ग्लुकोज-मापकाचा अत्यावश्यक तपासणीसाधनांच्या सूचीत जागतिक आरोग्य संघटनेने समावेश केला तोही २०२३ मध्ये, म्हणजे १९७८ च्या त्या प्रयोगांनंतर पंचेचाळीस वर्षांनी.

प्रत्येक मधुमेह्यास अखंड मापनाचे साधन लागतेच, असे नाही. केवळ पथ्य व गोळ्या यांवर ज्यांची साखर स्थिर आहे, त्यांचे काम अधूनमधून केलेल्या तपासणीवर भागते. पण जी मुले व जे तरुण सर्वस्वी इन्शुलिनवर जगतात, ज्या गर्भवती स्त्रियांना इन्शुलिन घ्यावे लागते, ज्या वृद्धांची साखर पूर्वसूचना न देता उतरते, त्यांचा अग्रहक्क मान्य करावयास हवा. मर्यादित पैसा असताना प्रथम कोणास द्यावयाचे, हे ठरविणे कठीण नाही. ते ठरवून तेथून आरंभ करणे मात्र अगत्याचे आहे. त्याचबरोबर आकड्याचा अर्थ शिकविणारी माणसेही हवीत. बाण खाली वळला असता काय खावे, वर गेला असता किती वेळ थांबावे, हे सांगणारे कोणी नसेल, तर महागातले महाग यंत्र म्हणजे दंडावरचे एक गोंदण तेवढे ठरेल.

१९६५ ची पट्टी असो की आजचा संवेदक असो, वाटेतील अडसर साधारण तेच दिसतात: रोग्यावर विश्वास टाकण्यास वैद्यकाला लागलेला वेळ, खर्च कोणी सोसावयाचा याविषयीची घासाघीस, आणि जे शहरात मिळते ते गावात पोहोचविण्याची अनास्था. यंत्राची कसोटी पाहण्यासाठी लागणारा काळ सोडला, तर उरलेला सारा काळ माणसांच्या निर्णयांचा आहे आणि म्हणून तो माणसांना कमी करता येण्यासारखा आहे. आजवर या कामी रोगी, त्यांचे आईबाप आणि काही थोडे वैद्य यांनीच पुढाकार घेतला. आता विमा, शासन आणि वैद्यकीय संस्था यांनी आपला वाटा उचलावयाचा आहे. तो उचलण्यास जितकी वर्षे लागतील, तितक्या वर्षांचा हिशेब रोग्यांच्या डोळ्यांत आणि मूत्रपिंडांत लिहिला जाणार आहे.